कामावरचे जेवण

सोजराबाईंनी ताट पुढे सरकवले. पितळेचे जड ताट शहाबादी फरशीवरून घासत गेले, त्याचा खरखरीत आवाज झाला, आणि खुंटीला सदरा अडकवणाऱ्या उकंडरावांचा हात वरच्या वर थांबला. तसे पाहिले तर त्यात दचकण्याजोगे काही नव्हते. त्यांची म्हातारी आई ऐंशीला टेकलेली, बाहेर त्र्याहत्तर सालच्या मे महिन्याची आग. अशा दिवसांत माणसाची अन्नावरची वासना उडाली तर नवल नाही. पण ही बाई निराळी होती. जेवण आटोपले की ताटातच पाणी ओतायचे, बोटाने कडा धुऊन घ्यायच्या आणि ते पाणी पिऊन टाकायचे, हा तिचा आयुष्यभराचा शिरस्ता. उष्टे टाकलेले तिने कोणाचेच सोसले नव्हते. पंक्तीला बसलेल्या व्याह्यांचेसुद्धा नाही. त्या बाईने पांढऱ्या ज्वारीची, नुकती तव्यावरून उतरलेली भाकर मोडलीदेखील नव्हती.

"पोट भरलं माहं," ती म्हणाली.

"अवो आत्याबाई, घासबी मोडला नाई तुमी, अन पोट कायनं भरलं?" चुलीपुढून कोकिळाने, त्यांच्या बायकोने, विचारले.

"पान्यानं."

एवढे बोलून ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. उकंडराव त्या दिवशी कामावरून जरा लवकर परतले होते. एरवी ते घरी पोचेपर्यंत तिचे जेवण झालेले असे. आज तिने हाक मारली होती, "ये, बस माह्यासंगं," आणि त्यांनी सदऱ्याच्या गुंड्या काढता काढता सांगितले होते, "तू घे माय. मी कामावरच खाल्लं." यात खोटे होते ते इतकेच, की त्यांनी सकाळपासून चहाखेरीज काही घेतले नव्हते. पण त्या खोट्याला कारण होते. मेहकरातल्या बहुतेक घरांप्रमाणे त्यांच्याही घरात रेशनचा मिलो शिजत होता. अमेरिकेतून आलेला तो लाल, चिवट दाणा, ज्याची भाकर थापताना फाटते आणि खाताना दातांना लुकण लावल्यासारखी चिकटते. गावाकडच्या वावरात दोन साल काही पिकले नव्हते. आधीच्या सालची थोडी ज्वारी एका डब्यात उरली होती, ती नवरा-बायकोने आईसाठी राखली होती. तिला आधी वाढायचे, पांढरी भाकर द्यायची, आणि ती आडवी झाली की दोघांनी चुलीपाशी बसून लाल भाकर खायची, अशी ही व्यवस्था उकंडरावांनी स्वतः आखली होती, रस्त्याखालच्या एखाद्या मोरीचा नकाशा आखावा तितक्या काळजीने, आणि तिचा त्यांना मनातून थोडा अभिमानही होता.

आईच्या न जेवण्याचे कारण त्यांनी त्याच रात्री ठरवून टाकले. दुपारी जानेफळहून चुलतभाऊ भगवानराव येऊन गेला होता. त्याच्या पोटात गोष्ट राहत नसे. आल्या आल्या त्याने सोजराबाईंना सांगितले होते, "काकी, तुमचा लेक छप्पनची सडक खंदून राह्यला!"

छप्पनची सडक. जानेफळच्या पांदणीपासून ती सुरू होते, बरड माळावरून सरळ जाते, नाल्याला वळसा घालते आणि टेकडीच्या पायथ्याशी येऊन थांबते. पुढे गाव नाही, बाजार नाही, देऊळसुद्धा नाही. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या त्या काळात, ज्याला संवत एकोणीसशे छप्पनवरून सगळा वऱ्हाड छप्पनचा दुष्काळ म्हणतो, गोऱ्या सरकारने भुकेल्या माणसांना काम म्हणून ती घातली. पुढच्या साली पाऊस झाला, काम बंद पडले, आणि सडक जिथे होती तिथेच राहिली. लहानपणी उकंडराव तिच्यावर गोट्या खेळले नव्हते, कारण तिच्यावर कोणीच खेळत नसे. ती ओलांडायची वेळ आली की गावची माणसे वहाणा काढून हातात घेत, ओलांडून झाल्यावर पुन्हा घालत. लग्नाच्या वऱ्हाडाची बैलांची दमणी असली तर नवरीसुद्धा खाली उतरे. का, हे कोणी सांगत नसे; आईची आई त्या सडकेवर कामाला होती, एवढेच त्यांच्या कानावर होते. त्यांनी एकदा आईला विचारले होते; तिने "पाय पोयतात," एवढेच उत्तर दिले होते. पाय पोळतात, भर श्रावणात. दगड ओले असताना. त्या श्रावणातल्या तिच्या हिरव्या लुगड्याचा ओलसर वास, काखेत धरलेल्या वहाणा आणि दुसऱ्या हातात घट्ट पकडलेले आपले मनगट, हे सारे त्यांना आता, खुंटीपाशी उभे असताना, इतके जवळ वाटले की त्यांनी नकळत मनगट चोळले.

तीच सडक त्यांनी उपविभागाच्या कागदावर निकालात काढली होती. दुष्काळी कामातून जानेफळला मोठ्या रस्त्याशी जोडणारी नवी सडक होत होती. खडीसाठी खाण लांब, बैल हाडांवर आलेले, आणि इथे हाताशी काळ्या कठीण पाषाणाचे आयते भरावण निजलेले. कोणत्याही शहाण्या ओव्हरसियरने जे केले असते ते त्यांनी केले: जुनी सडक उकरायची, दगड फोडायचा, नव्या सडकेत घालायचा. पहिल्या दिवशी कोणी पहार उचलेना. बाया टोपली उपडी घालून तिच्यावर बसून राहिल्या.

"काय झालं, पंजाबराव?" त्यांनी मुकादमाला विचारले.

"काई नाई सायेब. त्या दगडाले हात लावला तं माही बायको मले घरात घेनार नाई म्हन्ते."

"आताबी कुठी घेते तुले!" बायांतून कोणी तरी म्हणाले, आणि उन्हात करपलेल्या त्या सगळ्या तोंडांवर हसू पसरले. पंजाबरावही हसला. मग त्यानेच पायातल्या वहाणा काढल्या, बाजूला नीट जोडून ठेवल्या, आणि पहार घातली. त्याच्यामागे सगळ्यांनी वहाणा काढल्या. तापल्या माळावर ती माणसे अनवाणी दगड उकरू लागली, आणि उकंडराव बूट घालून मापे घेत फिरत राहिले. बूट काढावेत असे त्यांच्या मनात आले होते. पण अधिकाऱ्याने बूट काढले तर कामावर वचक राहत नाही, असेही मनात आले, आणि या दोन विचारांतला दुसरा वयाने मोठा निघाला.

दुसऱ्या दिवशीही आई जेवली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. गूळ टाकलेले पाणी घेई, अर्धा कप चहा घेई, भाकर पुढे आली की तोंड फिरवी. कोकिळाने दूध-भाकर कुस्करून दिली, वरून तूप घातले. घरात तूप असणे हीच त्या साली केवढी गोष्ट. "तुमीच खा," एवढेच. डॉक्टर येऊन गेले. नाडी बघून त्यांनी उकंडरावांना अंगणात नेले आणि सांगितले की रोग काही नाही, पण या वयात पोटात अन्न गेले नाही तर आठवडाभरात दिवा शांत होईल. घरातल्या माणसांनीच काय ते बघावे.

"सडकीचंच मनावर घेतलं त्यायनं," कोकिळा म्हणाली. "तुमाले म्या आधीच म्हनलं व्हतं, मेलेल्यायच्या वस्तूले हात लावू नोका."

"तू कधी म्हटलं?"

"मनात म्हनलं व्हतं."

उकंडराव ओसरीवर येऊन बसले. समोरच्या घराच्या माळवदावर कोणी तरी चिंचोके वाळत घातले होते. चिंचोके! लहानपणी ते सारीपाटाला असत. यंदा लोक ते दळून पिठात मिसळत होते. पैनगंगेच्या पात्रात बाया झिरे उकरून वाटीने पाणी भरत होत्या. सगळीकडे तीच एक गोष्ट चालली होती, आणि तरी त्यांच्या मनाला आठवत होते ते नागपूर, आणि नागपूरपेक्षाही अधिक, रामटेकच्या टेकडीखाली लावलेला एक तंबू. तांत्रिक शाळेचे दुसरे वर्ष. मोजणीचे शिबिर. हिवाळ्यात अवकाळी भुरभुर लागलेली, दुर्बिणीच्या काचेवर थेंब, म्हणून काम थांबवून सगळी पोरे तंबूत दाटीने बसलेली. ओल्या ताडपत्रीचा वास, लेव्हलच्या पेटीतल्या तेलाचा वास, आणि कोणाच्या तरी घरून आलेल्या पोळीच्या कुटक्याच्या लाडवांची पुरचुंडी हातोहात फिरत असलेली. त्या दिवसांत आपण किती हसत होतो, उकंडरावांना वाटले. हसायला कारण लागत नसे. पोटभर जेवलेल्या तरुण माणसांचे ते हसणे होते. त्या वेळी त्यांना ते केवळ हसणे वाटले होते.

डेव्हलिन साहेब मोजणी शिकवत. लांबलचक, पुढे वाकलेले, लाल नाकाचे. मुले त्यांना पाठीमागे ओळंबा म्हणत, कारण ते एकटेच सरळ उभे राहत नसत. साहेब आयर्लंडचे. जेवणघरात ते रोज एक चक्कर मारीत, प्रत्येकाच्या ताटात बघत, आणि सगळ्यांना वाढून झाल्याखेरीज बाहेर जात नसत. साहेबाला दुसऱ्याच्या ताटात बघायची खोड आहे, अशी त्यावर टिंगल होई. त्या दिवशी कोणी तरी त्यांना विचारले, साहेब, तुमच्याकडे सडका कशा? तेव्हा ते पेटीवर बसले आणि आपल्या मोडक्या हिंदुस्थानीत सांगू लागले. त्यांच्या मुलखात गरिबाचे अन्न एकच, बटाटा. आजोबांच्या तरुणपणी त्याच्यावर रोग आला. "रात को हरा, सुबह काला. पूरा खेत. और ऐसा बास, कि कुत्ता भी भागे." सालोसाल तेच. लाखो माणसे मेली, लाखो जहाजात बसून अमेरिकेला गेली आणि पुन्हा दिसली नाहीत. जाणाऱ्याच्या आदल्या संध्याकाळी मेलेल्या माणसाचे करतात तसे त्याचे जागरण करीत. खेडी रिकामी झाली, आणि जी माणसे राहिली त्यांनी आपली भाषासुद्धा मुलांना द्यायचे सोडले, कारण ती उपाशी लोकांची भाषा होती. "और धान था. बंदर पर धान था. जई, मक्खन, सब जहाज में भर के बाहर. बीच में सिपाही खड़ा."

"पर साहेब, राज तो आपका ही था ना?" एकाने टोमणा मारला.

"मेरा नहीं," साहेब शांतपणे म्हणाले. "आज तुम पर जिसका है, उसीका."

मग त्यांनी आजोबांच्या सडकेची गोष्ट सांगितली. सरकार फुकट खायला घालणार नव्हते. म्हणून ज्यांच्या अंगात उभे राहायचे बळ नाही त्यांच्याकडून सडका करवून घेतल्या. पोटाला अमेरिकेचा पिवळा मका. तो शिजवायचा कसा हे कोणाला ठाऊक नाही, आतडी धरत नाहीत. त्यांच्या गावची सडक डोंगर चढते आणि मधेच संपते. अजून आहे. तिच्यावर गवत आहे, पण कोणी गुरे नेत नाही. आणि तेव्हा दुसऱ्या रांगेतल्या उकंडाने, शाळेत पहिला येणाऱ्या, रीतसर विद्यार्थ्याने, हात वर करून विचारले होते, "साहेब, उस सडक का चढाव कितना?" तंबू हास्याने फुटला. साहेबही ओठांत हसले. त्यानंतर ते आणखी एक-दोन वाक्ये बोलले होते. काय? ओसरीवर बसलेल्या उकंडरावांनी डोळे मिटून ती वाक्ये शोधायचा यत्न केला. साहेबांचे हलणारे ओठ दिसत होते. ऐकू येत होते ते मात्र फक्त हसणे.

जानेफळचीही तशीच सडक. आणि ती आपण उकरली. चौथ्या दिवशी सकाळी कामावर पोचताच त्यांनी पंजाबरावला सांगितले, "बंद करा. जुन्या सडकीले हात लावू नका. उकरले ते दगड परत बसवा."

"मंग खडी?"

"खाणीतून आणू. गाड्या ठरवतो."

"तवरी मानसं?"

"बसतील दोन-चार दिवस."

पंजाबराव त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने मान हलवली, वळला, आणि वहाणा पायात सरकवल्या. उकंडरावांना हलके वाटत होते. चाळीस वर्षांनी आपण साहेबांच्या गोष्टीला बरोबर उत्तर दिले, असे काहीसे. जीप मेहकरच्या वाटेला लागली तेव्हा त्यांना दिसत होते की आई उठून बसेल, पाणी मागेल, भाकर मोडेल. संध्याकाळची वाट न बघता ते भर दुपारी घरात शिरले आणि तिच्या खाटेपाशी उकिडवे बसले, सहा वर्षांच्या पोराने बसावे तसे.

"माय, सडक वाचवली तुही. दगड होते तसे लावाले सांगतले. आता जेव."

सोजराबाईंनी डोळे उघडले. डोळे खोल गेले होते, पण त्यांतली धार तशीच होती.

"कोन्ती सडक?"

"छप्पनची. तू तिच्यासाठीच जेवत नाहीस ना?"

"अन कामावरचे लोकं?"

"बसले आहेत. खडी येईपर्यंत."

"बसले?" ती कोपरावर उठू लागली, कोकिळा धावून आली, तिला तिने हाताने दूर केले. "ह्या सालात तू मानसं बसवले? त्यायच्या घरी आज चूल कशी पेटन बे? भल्ला शिकला नागपूरले! दगडासाठी मानसं बसवले!"

"पण माय, ती सडक तुझ्या मायच्या—"

"माह्या मायनंच फोडला थो दगड. मले मालूम नाई का? मी तिथीच खेयत व्हती बाभयीखाली. खान्यासाठीच फोडला ना तिनं? मंग आज आनखी कोनी खान्यासाठी फोडला, तं तिले का वाईट वाटन? वहाना आमी काढतो, थे तिथी मानसं पडले म्हनून. दगडाच्या पाया नाई पडत."

उकंडरावांचा हात खाटेच्या लाकडी गातीवर होता. त्यांना वाटले, आखणीच चुकली आहे. पहिल्या खुंटापासून चुकली आहे.

"मंग तू जेवत काऊन नाहीस?"

पत्र्यावर कावळा चालत होता, त्याच्या नख्यांचा आवाज येत होता.

"माही माय दिवसभर सडकीवर राहे," ती म्हणाली. "सांजीले एक भाकर करे. एकच. मले म्हने, खा. मी म्हनो, अन तू? तं म्हने, मी कामावरच खाल्लं. रोज म्हने. मी खुशाल खाओ. लेकरू व्हती. मले वाटे कामावर भल्लं जेवन देत असन सरकार. मायचा राग ये मले, का आपल्याले तिथी नेत नाई." तिने ओठांवरून जीभ फिरवली. "एक दिवस नाई आली. मंग लोकायनं सांगतलं."

कोकिळाने पदर तोंडाला लावला.

"कामावर कोनी जेवाले घालत नसते, हे मले माहं लगन झाल्यावर समजलं, उकंडा. अन त्या दिवशी तू आला. तुहे डोये आत गेलेले, अन म्हनतोस, मी कामावरच खाल्लं. मले पांढरी भाकर, अन घरात लाल भाकरीचा वास. मले का नाक नाई? ज्या घरात एकाची भाकर निराळी, त्या घरातलं मानूस जाते. एकडाव पाह्यलं म्या. दुसऱ्यानं नाई पाहनार. तुह्याआधी तीन गेले माहे. तुले उकिरड्यावर ठेवलं, शेजारच्या सुभद्राबाईनं उचललं, सूपभर जवारी देऊन वापस घेतलं तिच्यापासून, देवाले कयू नाई म्हनून. थे कायले? ह्या वयात मले तुही भाकर खायाले लावाले?"

आणि तेव्हा ती दोन वाक्ये आली. कुठून, कशी, कोण जाणे. ओल्या ताडपत्रीच्या वासातून, चाळीस वर्षांचे हसणे बाजूला सारून. चढाव किसी ने नापा नहीं, साहेब म्हणाले होते. मेरा दादा हर शाम घर आकर दादी को बोलता था, मैंने काम पर खा लिया. समुद्रापलीकडच्या त्या ओल्या, थंड, बटाट्याच्या गावात एक माणूस दारात उभा राहून हेच खोटे बोलत होता; जानेफळच्या माळावरून एक बाई तेच खोटे घेऊन घरी येत होती; आणि पोटभर जेवलेल्या, शिकल्या-सवरलेल्या आपल्याला ते कोणी शिकवलेही नव्हते. ते आपसूक तोंडी आले होते. म्हणजे भूक अंगातून गेली तरी तिची रीत रक्तात राहते की काय? साहेब प्रत्येकाच्या ताटात का बघत, हे त्यांना कळले, आणि कळून उशीर झाला आहे हेही. साहेबांना कळवायला आता पत्ता नव्हता.

"कोकिळे," सोजराबाई म्हणाल्या, "थो डबा काढ. सगया पिठात पीठ एक कर. मंग भाकर टाक."

"मोडून जाईन आत्याबाई, मिलो मिसळला तं. तुमाले चावनार नाई."

"तुले कोनी चावाले सांगतलं माह्यासाठी? कर."

कोकिळाने परात ओढली. पांढऱ्या पिठावर लाल पीठ पडले, तिने दोन्ही हातांनी ते कालवले, आणि थोड्याच वेळात कोणते कोणते हे ओळखू येईना. ती भाकर थापू लागली. उकंडराव उठले, त्यांना पंजाबरावला निरोप धाडायचा होता, उद्या सकाळी पहारी घेऊन या म्हणावे, त्याच सडकेवर, आणि मीही येतो, बूट न घालता. पण आईने त्यांचे मनगट धरले होते. पकडीत जोर नव्हता. तरी ते सुटले नाही.

"बस. कुठी नाई जायाचं."

एकच ताट आले. भाकर तपकिरी झाली होती, काठाला फाटली होती. सोबत तिखट आणि कांदा. कोकिळालाही तिने खाली बसवले. मग भाकरीचा तुकडा मोडला आणि तो लेकापुढे धरला.

"आधी तू."

उकंडरावांनी तुकडा तोंडात घातला. मिलो जिभेला चिकटला. तो चावत असता आई त्यांच्या जबड्याकडे, मग गळ्याकडे बघत होती, निरखून, एखाद्या नवख्या मुकादमाच्या कामावर नजर ठेवावी तशी. घास खाली उतरला.

"गियला?"

"हाव."

"आ कर."

"माय, आता—"

"आ कर म्हन्ते ना."

पुढच्या वर्षी पेन्शनीत निघणार असलेल्या त्या ओव्हरसियरने बायकोदेखत तोंड उघडले. सोजराबाई पुढे वाकल्या. त्यांनी डावे गालफड पाहिले, उजवे पाहिले, जीभ वर करायला लावून तिच्याखाली पाहिले. मग समाधानाने मागे सरल्या, ताटातला दुसरा तुकडा मोडून आपल्या तोंडात घातला, दोनदा चावला आणि तोंड वाकडे केले.

"कशी बेचव भाकर हाये वं, कोकिळे!" त्या म्हणाल्या. "मीठ आन."